आक्कानं सांगितलेला बर्फ

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी दुभाषी आहे. जपानहून माणसं आली की त्यांचं बोलणं मराठीत सांगायचं आणि आमच्या लोकांचं जपानीत, एवढंच माझं काम. गेल्या डिसेंबरात तिकडून एक वयस्कर इंजिनिअर आले होते. दुपारी त्यांना जेवायला गावात घेऊन निघाले. पुढं ड्रायव्हर, मागं आम्ही दोघं. ड्रायव्हरनं कानटोपी घातली होती, ती बघून इंजिनिअर हसले. ही कसली थंडी, म्हणाले. मग त्यांनी आपला फोन गाडीच्या स्पीकरला जोडला.

"वर्ष संपत आलं की हा अल्बम मी ऐकतोच," ते म्हणाले. "सगळी हिवाळ्याची गाणी आहेत. जुनी आहेत, तुमच्यासारख्यांना आवडणार नाहीत."

आधी एकटाच पियानो वाजला. मग लांबून घुंगरू वाजावेत तशी किणकिण आली आणि एका बाईचा कोवळा आवाज. गाणं ओळखू यायच्या आधीच माझ्या हातावर काटा उभा राहिला. पुढची ओळ माझ्या तोंडात आधी आली, मग स्पीकरमधून. इंजिनिअर वळून माझ्याकडं बघायला लागले.

"तुम्हाला येतं हे?"

"लहानपणी ऐकलंय," मी म्हणाले.

"इथं?"

इथं नाही, आटपाडीत. पण आटपाडी म्हणजे काय हे त्यांना कसं सांगणार? मे महिन्यात पत्र्याखाली अंगाची लाही व्हायची, बोअरचं पाणीसुद्धा कोमट यायचं, आणि त्या उन्हात आम्ही दोघी बहिणी फरशीवर ओला पंचा अंथरून पडायचो आणि बर्फाची गाणी ऐकायचो.

आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आमच्या वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. आमच्या भावकीतून कॉलेजसाठी सांगलीला गेलेली आक्का पहिली मुलगी. तिथं बी.कॉम. करता करता तिनं संध्याकाळी जपानीचा क्लास लावला. नवऱ्याच्या नोकरीमुळं काही वर्षं जपानात राहून आलेल्या एक बाई घरीच शिकवायच्या. जपानीच का, असं वडिलांनी विचारलं तर आक्का म्हणाली, "इंग्रजी सगळ्यांनाच येतं की." आमच्या घरात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं.

त्या बाईंनी तिला एका अल्बमची सीडी कॉपी करून दिली होती. कव्हर नव्हतं, चित्र नव्हतं. वर आक्कानं मार्कर पेननं 'हिवाळा' असं लिहिलं होतं. सुट्टीत ती सीडी घेऊन आली आणि आमचा उन्हाळा त्या गाण्यांचा झाला. मी तेव्हा आठवीत होते. मला एक अक्षर कळायचं नाही, म्हणून प्रत्येक गाण्याचा अर्थ आक्का सांगायची. पहिलं गाणं बर्फात चुकलेल्या कोकराचं. दुसरं एका म्हातारीचं, जिच्या घराला बर्फानं दारच ठेवलं नाही. आणि चौथं, माझं सगळ्यात आवडतं, ते दोन बहिणींचं.

"दोघी रानातून घरला निघाल्यात," आक्का सांगायची. "गुडघ्याएवढा बर्फ पडलाय. थोरली म्हणती, तू घाबरू नको. मी फुडं चालते, तू माझ्या पावलांत पाय टाकत ये."

लोडशेडिंग झालं की सीडी प्लेअर बंद पडायचा, पण आक्का गातच राहायची. त्या चौथ्या गाण्यात सीडीला एक ओरखडा होता. दर वेळी तिथं गाणं अडखळायचं आणि पुढं उडी मारायचं. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की आक्कासुद्धा गाताना तिथं उडी मारायची.

गाडीत पहिलं गाणं संपेपर्यंत मला हसू आवरत नव्हतं. त्यात कोकरू नव्हतंच. बाजारपेठेत दिवाळीसारखी रोषणाई केली आहे आणि एक मुलगी कुणासाठी तरी हातमोजे निवडते आहे, असं ते गाणं होतं. म्हातारीच्या गाण्यात म्हातारी नव्हती. किती वर्षं मी जपानी बोलतेय, त्यावर पोट भरतेय, आणि ही गाणी एकदाही परत ऐकली नव्हती. आक्कानं सगळं मनानं रचलं होतं तर! चार महिन्यांच्या क्लासात तिला तरी कितीसं कळत असणार?

मग चौथं गाणं लागलं. रेल्वेचा फलाट आहे. बर्फ पडतोय. मोठ्या शहराला निघालेल्या माणसाला एक मुलगी निरोप देते आहे. हसून निरोप देईन असा तिनं शब्द दिलेला आहे. मी नकळत त्या ओरखड्याची वाट बघत होते. गाणं तिथं आलं, आणि अडखळलं नाही. मी कधीच न ऐकलेल्या दोन ओळी स्पीकरमधून आल्या. जा असं मीच म्हणाले, हे खरं. पण तू एकदा तरी मागं वळून बघायचं होतंस.

माझं हसू तिथंच थांबलं. जेवताना मी इंजिनिअरांचं बोलणं वेटरला दोनदा चुकीचं सांगितलं. त्यांनी काळजीनं विचारलं, बरं नाही का? मी म्हणाले, गाडी लागली.

मी दहावीत असताना आमच्या आईला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आक्का चार दिवसांसाठी म्हणून आली ती परत गेलीच नाही. राहा असं तिला कुणी म्हणालं नाही. वडील म्हणाले नाहीत, मीही म्हणाले नाही. तिनं बॅगेतले कपडे कपाटात लावले, ओढणी कमरेला बांधली आणि आईला कुशीवर वळवायला शिकली. बारावी झाल्यावर मला सांगलीला पाठवलं तेही तिनंच. "त्याच बाईंच्या क्लासला जा," म्हणाली. "तुला जमंल." मी गेले. क्लासच्या पहिल्या दिवशी बाईंनी आडनाव ऐकून विचारलं, "तुझी बहीण कशी आहे? तिचे उच्चार फार गोड होते." मी म्हणाले, "बरी आहे." आणि वहीत तारीख टाकली.

पुढं मला नोकरी लागली, कंपनीनं दोन वर्षांसाठी जपानला पाठवलं. गाव अगदी उत्तरेला होतं. पहिला बर्फ पडला त्या दिवशी मी घरी फोन केला. आक्कानं उचलला. मागं आईचा तो घशातून येणारा आवाज ऐकू येत होता.

"कसा हाय गं?" आक्कानं विचारलं.

"थंड आहे," मी म्हणाले. "बूट भिजतात."

ती थोडा वेळ थांबली. अजून काही सांगेन असं तिला वाटलं असणार. मग म्हणाली, "मग दुसरा जोड घे." आणि फोन आईच्या कानाला लावला.

मी परत आल्यावर वर्षभरात आई गेली. त्यानंतर आक्काचं लग्न झालं, लोक वयावरून कुजबुजायला लागले होते त्या वयात. दाजी कोरेगावचे. माणूस चांगला. त्यांचं पशुखाद्याचं दुकान आहे आणि आता ते खरं तर आक्काच चालवते. साताऱ्याहून कोरेगाव किती लांब? स्कूटरवर अर्धा-पाऊण तास. तरी मी दोन-दोन महिने जायची नाही. गेले की तिला काहीतरी भारी नेऊन द्यायची. मिक्सर नेला, साडी नेली, गुडघ्याला लावायचा पट्टा नेला. ती प्रत्येक वेळी म्हणायची, "कशाला आणलंस?" आणि मला मनातून बरं वाटायचं, काहीतरी फिटल्यासारखं.

त्या रविवारी मी काहीच न घेता गेले. फोनवर सगळा अल्बम उतरवून घेतला होता आणि कानात घालायच्या वायरी पिशवीत होत्या. वाटेत मी ठरवून टाकलं होतं की त्या ओळींचं काही बोलायचं नाही. गाणं ऐकवायचं, तिला आनंद होईल, आपण दोघी रडू, संपलं.

आक्का दुकानात होती. सरकी पेंडीची पोती छताला टेकलेली, भुशाची बारीक धूळ उन्हात तरंगत होती. ती वजनकाट्याशेजारी खुर्ची टाकून बसली होती. मी तिच्या एका कानात वायर घातली, एक माझ्या कानात. आणि गाणं लावलं.

पियानो वाजला तसे तिचे डोळे मोठे झाले. माझं मनगट घट्ट धरून बसली. दुसऱ्या ओळीपासून ती पुटपुटायला लागली. एकेक शब्द तिला पाठ होता आणि उच्चार खरोखरच गोड होते. बाई खोटं बोलल्या नव्हत्या.

"कुठं घावलं गं तुला?" तिनं विचारलं.

मी इंजिनिअरांची गोष्ट सांगितली. ती हसली.

"आपली सीडी कुठं गेली आक्का?"

"डाळिंबात."

"म्हणजे?"

"मामाच्या बागेत. पाखरं लय यायची डाळिंबावर. चकाकतंय म्हणून सीड्या टांगायचे की लोक. मी दिली नेऊन." तिनं पोत्यावरची धूळ झटकली. "तू सांगलीला गेलीस त्या साली."

बोलता बोलता चौथं गाणं लागलं. आक्का म्हणाली, "थांब. आता तुला सगळं येतंय. ह्या गाण्याचा अर्थ सांग मला. नीट सांग."

समोर तिचे हात होते, पेंड मापून मापून खरखरीत झालेले. मी म्हणाले, "तू सांगितला होतास तोच आहे. दोन बहिणी आहेत. बर्फ पडलाय. थोरली म्हणते, माझ्या पावलांत पाय टाकत ये."

आक्का माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं कानातली वायर काढली.

"ते मी रचलं हुतं," ती म्हणाली.

मी फोनवरचं गाणं बंद केलं.

"मला काय येत हुतं तवा? बर्फ, पाऊल, चालणं, असले चार शब्द कळायचे. बाकीचं मनानं जोडलं. तू लहान हुतीस, ऐकत बसायचीस, मला बी बरं वाटायचं." तिचा आवाज चढला नाही, पण तोंड कडक झालं. "एवढी जपानला जाऊन आलीस, नोकरी करतीस त्याच्यावर, आणि मला सांगतीस तोच अर्थ हाय? माझी कीव येती का तुला?"

"तसं नाही गं आक्का."

"मग कसं?"

एक म्हातारबाबा दुकानाच्या पायरीवर चढले. "वैनी, गोळी पेंड आली का?"

"आली की आबा. किती देऊ?" आक्का उठली. पोतं ओढलं, मापलं, त्यांच्या नातवाची चौकशी केली, गाभण म्हशीला काय घालायचं ते सांगितलं. तेवढा वेळ मी खाली मान घालून बसले होते. मी तिच्यासाठी आणलेल्या मिक्सरपासून या खोट्यापर्यंत सगळं एकाच जातीचं होतं, हे मला त्या दुकानात बसल्या बसल्या कळत होतं. मी तिला कधी बरोबरीची धरलीच नव्हती. जिचं काही आपण घेतलंय अशी ती, आणि जिनं तिला सांभाळून घ्यायचं अशी मी.

म्हातारबाबा गेले. आक्का परत येऊन बसली, वायर कानात घातली आणि म्हणाली, "हं. पयल्यापासून लाव. एक एक ओळ सांगायची. मधलं काय गाळायचं न्हाई."

मी सांगायला लागले. कारखान्यात सांगते तसं, थांबून थांबून. फलाट सांगितला. गाडीची शिट्टी सांगितली. हातमोजा काढून तिनं त्याचा हात हातात घेतला, ते सांगितलं. आक्का मान हलवत होती. एका शब्दावर तिनं अडवलं. "हे मला 'चालणं' वाटलं हुतं." मी म्हणाले, "तसंच वाटतं ऐकताना, पण हे 'सोडून जाणं' आहे." ती म्हणाली, "असंय व्हय."

मग ती जागा आली. गाणं पुढं गेलं आणि आक्का चमकली. "हे आपल्या सीडीत नव्हतं."

"तिथं ओरखडा होता."

"काय म्हणती?"

मी गाणं थांबवलं. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या टेपचा आवाज विरेपर्यंत मी थांबले. मग म्हणाले, "ती म्हणते, जा असं मीच म्हणाले. पण तू एकदा तरी मागं वळून बघायचं होतंस."

वजनकाट्याच्या पाटीवर सांडलेली पेंड आक्का बोटानं गोळा करायला लागली.

"मला लय राग आला हुता तुझा," ती म्हणाली. "तू सांगलीला निघालीस त्या दिवशी मीच तुझी बॅग भरली. डबा दिला. एसटी वळंपर्यंत हुबी हुते. वाटलं, आता तरी म्हणंल, आक्का, तुझं काय? तू खिडकीत बसून मैत्रिणीशी बोलत हुतीस."

"मी विचारायला हवं होतं," मी म्हणाले.

"विचारलं असतंस तर काय केलं असतंस? राहिली असतीस घरी, मी गेली असती?"

खोटं बोलायची सोय आता राहिली नव्हती. मी त्या वयाच्या मला आठवून बघितलं. त्या मुलीला सांगलीची किती घाई झाली होती तेही आठवलं.

"नाही," मी म्हणाले. "तरी गेलेच असते."

"मग न्हाई विचारलंस तेच बरं झालं," आक्का म्हणाली. "न्हाईतर मला तुझं 'न्हाई' ऐकायला लागलं असतं."

मला वाटत होतं ती पुढं म्हणेल, जाऊ दे, झालं गेलं. ती तसं म्हणाली नाही. मीही तिच्याकडून ते वदवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. दोन-तीन वर्षं राग होता, ती म्हणाली, मग आईच्या पाठीला जखमा झाल्या आणि रागवायला वेळ मिळाला नाही. आता रोज आठवत नाही. पण गेला आहे असं सांगता येणार नाही. हे सगळं तिनं पेंडीचा भाव सांगावा तितक्या सरळ सांगितलं. मग दाजी आले, त्यांना गल्ल्यावर बसवून ती आत चहा ठेवायला गेली. मी मागोमाग गेले. चहात तिनं आलं जास्त घातलं होतं. कप माझ्या हातात देत म्हणाली, "गाणं बाकी चांगलं हाय. पण माझं बरं हुतं. त्यात कुणी सोडून जात नव्हतं."

मी हसले आणि मग रडले. तिनं मला रडू दिलं. जवळ वगैरे घेतलं नाही, ओट्याला टेकून आपला चहा पीत उभी राहिली.

निघताना तिनं ती गाणी आपल्या फोनवर घेतली. त्यानंतर दुकानात छोटा स्पीकर आला. दाजी मला फोनवर म्हणाले, "आवं, गिऱ्हाईक इचारतंय, वैनी हे कुठलं भजन?" आता आक्का मला अधूनमधून फोन करते. बर्फाला काय म्हणतात ते तिला माहीतच आहे, पण पाचव्या गाण्यात 'मो' असं सारखं येतं ते काय? बर्फावरून चालताना आवाज कसा येतो? बूट भिजतात ते सोडून सांग. मी सांगते. 'मो' म्हणजे 'सुद्धा'. नवा बर्फ असेल तर कोरड्या पिठात पाय दिल्यासारखा कुरकुरतो, जुना झाला की काच होते, घसरायला होतं, तिथली म्हातारी माणसं बदकासारखी चालतात. ती हुंकार देत ऐकते. तो पहिला बर्फ पडला होता तेव्हाच हे सगळं सांगता आलं असतं, हे प्रत्येक वेळी मनात येतं आणि टोचतं. मी ते टोचू देते; ते थांबवायला आता मिक्सर, साडी असलं काही नेत नाही.

मागच्या आठवड्यात मी मीटिंगमध्ये असताना तिचा फोन आला. समोर तिघं जपानी पाहुणे होते, मी फोन कट केला. परत वाजला, परत कट केला. मग मला बसवेना. पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर व्हरांड्यात आले आणि फोन लावला.

"आक्का, काय झालं? सगळं ठीक ना?"

"कुठं मेली हुतीस?" ती म्हणाली. "दोनदा केला फोन. सातव्या गाण्यात एक शब्द... थांब गं जरा, गिऱ्हाईक हाय."

आत सगळे माझी वाट बघत होते. काचेतून साहेबांनी हात केला. मी त्यांना थोडं थांबायची खूण केली. फोनमधून पोतं ओढल्याचा आवाज आला, काट्यावर काहीतरी आदळलं, आक्का कुणाला तरी म्हणाली, "सुट्टे द्या की वो." मी फोन कानाला लावून व्हरांड्यात तशीच उभी राहिले.